तिला थेटर आवडत नाही

१ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा तेच! जेवणं झाल्याबरोबर पडदे ओढले, लग्नाचा फोटो खिळ्यावरून काढून सोफ्याखाली सरकवला आणि मोकळ्या भिंतीवर पिक्चर. यांच्या विम्याच्या ऑफिसातले तिघे आले होते. त्यांतले एक पेनड्राइव्ह. खरं नाव मला माहीत आहे, पण घेववत नाही. दर रविवारी हा गृहस्थ खिशातून नवा पिक्चर काढतो आणि चेहरा असा करतो की जणू स्वतःच बनवलाय. म्हणे मेहुणा काढतो. ‘‘एकदम ताजा माल, वहिनी. जसाच्या तसा. काही कापलेलं नाही, काही जोडलेलं नाही!’’

आणि माल तरी कसला! थेटरात चोरून फोनवर काढलेला. पडदा एका बाजूला कललेला, खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी टक्कल, आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा. त्यात आमच्या भिंतीला ओल — म्हणजे येईल त्या नायकाच्या गालावर तोच डाग. गाणं लागलं की पळवायचं. मारामारी आली की मागे घ्यायची. कुणी रडायला लागलं की यांची मान माझ्याकडे वळते — ‘‘चहा टाकतेस ना?’’

मी चहा गाळत होते तेव्हा नायिका मेली. ट्रे घेऊन आले तर सगळे खो खो हसत होते. पुढचा प्रसंग लागला होता. मी विचारलं, कशी मेली हो?

‘‘पडली जिन्यावरून. एवढं काय त्यात!’’

सासूबाई नेहमीच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या, तरी दर रविवारी हजर. त्यांचं काय, चित्रं हलली की झालं. मला मात्र ऐकू येतं! पेनड्राइव्हचं चहा भुरकणंसुद्धा.

३ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर दवाखान्यात, कान तपासायच्या बूथमध्ये. मी काचेच्या अलीकडे, पेशंट पलीकडे, कानांवर हेडफोन लावून. ‘‘आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी.’’ आजचे एक आजोबा बटणावरून बोटच काढेनात! बहिरे ठरू या भीतीने सारखं दाबतच होते. मी आवाज बंद केला तरी दाबत होते. शेवटी त्यांच्या मुलीने बाहेर नेऊन समजावलं. मशीन लावायचं ठरलं तेव्हा रडले बिचारे.

मॅडम दुसऱ्या गावी शाखा उघडताहेत. इथून बसने तीन तास. वरच्या मजल्यावर राहायला खोलीसुद्धा आहे म्हणे. तिथलं सगळं बघायला कुणीतरी जबाबदार माणूस हवं. या दवाखान्यात मी मॅडमच्या खालोखाल जुनी. कान तपासणं, मशीन बसवणं, चिडक्या म्हाताऱ्यांना गोडीत घेणं — दुसऱ्या कुणाला येतं इथे? लेक होस्टेलला आहे, घरी माझ्यावाचून अडणारं फक्त चहाचं पातेलं. विचारतील. विचारायलाच हवं.

४ सप्टेंबर, बुधवार

सासूबाई शेजारच्या काकूंबरोबर बागेत गेल्या. बुधवार दुपार म्हणजे बाग. तोंडाला पावडर, केसांना क्लिप, आणि चेहऱ्यावर ती तृप्ती! बहिरं होऊन एवढं सुख लागत असेल तर मलाही कुणीतरी कानात बोळे घालून द्या.

८ सप्टेंबर, रविवार

आज हिंमत करून सांगितलं. पुढच्या रविवारी मी पन्नासची होणार. मला साडी नको, दागिना नको, बाहेरचं जेवण नको. चौकातल्या थेटरात वकिलाच्या खटल्याचा तो नवा पिक्चर लागलाय, तो बघायचाय. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. मधे न उठता.

हे हसले. खरंच हसले! ‘‘थेटर? तुला?’’ जणू मी विमान चालवायला मागितलं.

मग नेहमीचं सुरू. तिथे काय वेगळं दिसणार आहे? गोष्ट तीच ना? खुर्च्या मोडक्या, पुढे कुणाचं तरी डोकं. (आमच्या भिंतीवरच्या टकलाचं काय मग?) आणि शेवटचा हुकमी पत्ता — ‘‘आईला एकटं कसं टाकायचं? बेल वाजली तरी ऐकू येत नाही तिला. गॅसचं काही झालं म्हणजे?’’

(एरवी आम्ही कामावर असताना शेजारच्या काकू बघतात, रविवारी त्या नसतात.) या पत्त्यापुढे माझं काही चालत नाही. त्यांच्या आईचे कान मीच तपासलेत. आलेख मीच काढलाय. खाली सही माझी.

गोष्ट तीच ना, म्हणतात. असेल तीच. पण थेटरात कुणी मला हाक मारू शकत नाही! अडीच तास मी कुणाची कुणी नसते. एवढंच हवंय. हे त्यांना कसं सांगू? तोंड उघडलं की म्हणतात, डोक्यात काय घेऊन बसलीस.

रात्री जेवताना स्वतःहून म्हणाले, ‘‘बरं, बघू. रविवारी दोनला तयार राहा.’’

९ सप्टेंबर, सोमवार

दोनला तयार राहा! दवाखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘बाबा? थेटरात? ताप नाही ना आला त्यांना?’’

१२ सप्टेंबर, गुरुवार

मॅडम शाखेसाठी बाहेरून माणूस शोधताहेत. मला रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. रिसेप्शनवरच्या मुलीकडून! बावीस वर्षं मी त्यांच्याकडे राबले आणि एका शब्दाने विचारलं नाही. आज दिवसभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्यांचे कान दुरुस्त करतात, स्वतःच्या डोळ्यांचं काय ते बघा म्हणावं.

१५ सप्टेंबर, रविवार

लिहिते. राग अजून उतरलेला नाही.

पावणेदोनला मी तयार. ठेवणीतले कपडे, कानांत लेकीने दिलेले डूल, पर्समध्ये रुमाल, दाराशी चपलासुद्धा घातल्या. हे आतून आले — ‘‘चपला कशाला? डोळे मीट.’’

मी मीटले! बावळटासारखे मीटले!

हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं. ‘‘उघड आता.’’ पडदे ओढलेले. फोटो उतरवलेला. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आणून दोन रांगा लावलेल्या. पेनड्राइव्ह, बाकीचे दोघे, त्यांच्या बायका, सगळे टाळ्या वाजवताहेत. यांनी माझ्या हातात पुठ्ठ्याचं तिकीट दिलं, स्केचपेनने लिहिलेलं — ‘खुर्ची क्रमांक एक’. आणि भिंतीवर वकिलाचा पिक्चर. ओलीच्या डागासकट.

‘‘घरात थेटर आणलं तुझ्यासाठी! बुधवारीच काढलाय मेहुण्याने. काय, आहे की नाही सरप्राइज?’’

सगळ्यात भयंकर हे की खोडसाळपणा नव्हता. प्रेमाने केलं होतं! खुर्च्या लावल्या, तिकीट रंगवलं. एवढा सगळा खटाटोप केला, तीनशे पावलांवरच्या थेटरात मात्र नेलं नाही. अशा माणसावर ओरडावं तर आपणच वाईट ठरतो. म्हणून हसले. बायकांनी माझ्याकडे बघून ‘‘किती हौशी आहेत हो!’’ म्हटलं, त्यावरही हसले. गाल दुखले.

खुर्ची क्रमांक एकवरून तीनदा उठले. दोनदा चहा, एकदा पेनड्राइव्हला पाणी. पोटभर जेवलेले हे अर्ध्यात घोरायला लागले. बाकीचे फोन बघत बसले. मी आणि सासूबाई, दोघीच भिंतीकडे बघत होतो.

आणि मग ते झालं. वकिलाची बायको काळोख्या खोलीत एकटी बसलेली असते, संगीत नाही, काही नाही, सगळं शांत. त्या शांततेत कोपऱ्यातून दोन बायकांची कुजबुज आली. पडद्यावरच्या नव्हे. थेटरात बसलेल्या. शब्द कळले नाहीत, पण शेवटी एक बाई हसली. आधी नाकातून फुसकन, मग दोन छोट्या उचक्या.

हे हसणं मी बावीस वर्षं ऐकतेय! माझं काही सांडलं, काही करपलं की येतं ते हसणं!

मी वळून बघितलं. सासूबाई शांतपणे उठल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

१६ सप्टेंबर, सोमवार

पेनड्राइव्ह काल पेनड्राइव्ह इथेच विसरले. (काय हे वाक्य!) सकाळी पर्समध्ये टाकला. दुपारच्या सुट्टीत बूथमध्ये शिरले, दार लावून घेतलं, लॅपटॉपला कामाचे हेडफोन जोडले. त्या बूथमध्ये स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो. तिथे काही लपत नाही.

पाच-सहा वेळा मागेपुढे करून ऐकलं. शब्द न् शब्द लागला.

काकू : ‘‘एकदा सुनेला पण आणा की हो.’’

सासूबाई : ‘‘तिला थेटर आवडत नाही. अंधारात डोकं दुखतं तिचं.’’

काकू : ‘‘ती म्हणाली?’’

सासूबाई : ‘‘माझा मुलगा म्हणतो.’’

काकू : ‘‘अहो, मग तिला विचारा ना.’’

सासूबाई : ‘‘मी कशी विचारणार? मला ऐकू कुठे येतं!’’

आणि मग दोघी हसल्या. तेच ते. फुसकन, आणि दोन उचक्या.

मी काचेच्या पलीकडे, पेशंटच्या स्टुलावर बसून राहिले. कुजबुज ऐकू येणारा माणूस बहिरा नसतो, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकतो. म्हणजे बागबिग काही नाही. म्हणजे बारा वर्षं माझ्या घरात एक धडधडीत ऐकणारी बाई बहिरी म्हणून बसलीय, आणि तिच्या बहिरेपणापायी मी घरात अडकलेय! घसा फोडून ‘‘दूध बघा, दूध बघा’’ ओरडले, तेव्हा ते उतू जाताना बघत उभी होती! आणि हेडफोन लावून तिला तपासणारी तज्ज्ञ कोण? तर मी! चांगलंच फसवलं म्हातारीने. आवाज येत होता आणि बटण दाबत नव्हती.

संताप संताप झाला. पण बसने घरी येताना दुसरंच वाक्य डोक्यात फिरत होतं. तिला थेटर आवडत नाही. कुणाला? मला? कधीपासून?

१७ सप्टेंबर, मंगळवार

एकदा शंका आली की माणूस सगळीकडे वास घेत सुटतो. आज मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं, शाखेसाठी माझा विचार का नाही केला?

मॅडमनी चष्मा काढला. ‘‘अहो, तुमच्या मिस्टरांना विचारलं ना मी. संध्याकाळी तुम्ही निघून गेल्यावर घरी फोन केला तर त्यांनी उचलला. म्हणाले, तिला प्रवास झेपत नाही, तुम्ही विचाराल तर भिडेपोटी हो म्हणेल, तेव्हा विचारूच नका. मला वाटलं, किती जपतात!’’

किती जपतात!

मी म्हटलं, मॅडम, मला प्रवास झेपतो. त्या म्हणाल्या, ‘‘मग जागा अजून भरली नाहीये.’’ विचार करून सांगते म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पन्नास वर्षांची बाई, नळ सोडून!

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळ. यांना स्पष्ट सांगायचं ठरवलं होतं. दाढी करत होते. मी मागे उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘मला थेटर आवडतं.’’

‘‘नाही गं. डोकं दुखतं तुझं.’’

‘‘माझं डोकं दुखत नाही.’’

‘‘दुखतं. लेक लहान असताना गेलो नव्हतो का? परत आल्यावर दोन दिवस पडून होतीस.’’

‘‘तेव्हा मला कांजिण्या झाल्या होत्या!’’

‘‘तेच ते,’’ म्हणाले आणि गालावर वस्तरा फिरवला.

तेच ते! माझं डोकं, आणि ते दुखतं की नाही हे यांच्याकडून मंजूर करून घ्यायचं! मग शाखेचंही विचारलं, मॅडमना असं का सांगितलंत. तर म्हणाले, ‘‘तुझ्या भल्याचंच सांगितलं ना? तुला लोकांना नाही म्हणता येत नाही.’’ इतके शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, खरंच की काय. ऑफिसात लोकांचे विम्याचे दावे नाकारतात तोच आवाज. तोंडावर साबण होता, त्यामुळे चेहरासुद्धा नीट दिसला नाही.

संध्याकाळ. सासूबाई ‘बागेतून’ आल्या. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून भाजी चिरत होत्या. हे अजून आले नव्हते. मी दारातच उभी राहिले आणि बूथमध्ये सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक काढतो त्या आवाजात म्हटलं, ‘‘काय बाई, शेवटी वकिलानेच केला तो खून.’’

‘‘वकिलाने नाही गं, त्याच्या बायकोने—’’

विळीवरचा हात थांबला.

मला इतकं हसू आलं! आणि इतका रागही. त्या वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, ‘‘दार लाव.’’

मी जे मनात साठलं होतं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं — ऐकून घेतलं! — आणि मग बोलल्या. ‘‘याचा बाप सकाळी डोळे उघडले की बोलायला लागायचा. तो गेला, तर हा लागला. अगदी तसाच. एकदा याने हाक मारली, मी ओ दिली नाही. मुद्दाम नाही, कंटाळले होते. हा म्हणाला, आईला ऐकू येत नाही वाटतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग म्हटलं, राहू दे असंच.’’

‘‘आणि मी?’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या कानांपायी मी घरात कोंडलेय त्याचं काय? मला तरी सांगायचं!’’

‘‘तुला सांगितलं असतं तर ते गुपित राहिलं असतं? तू माझी कोण लागतेस? त्याची बायको.’’

तोंडावर बोलल्या. पण खोटं नाही बोलल्या.

मी म्हटलं, आता मला बुधवारी बरोबर न्या. तर चक्क नाही म्हणाल्या! ‘‘तू शेजारी बसलीस की मला घरात बसल्यासारखंच वाटणार. बुधवार माझा आहे. मी बहिरी होऊन माझं भागवलं. तुझं तू बघ.’’

आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. हे आल्यावर यांनी दोनदा विचारलं, आई, बाग कशी होती? ढिम्म!

१९ सप्टेंबर, गुरुवार

‘तुझं तू बघ.’ दिवसभर हेच. किती दुष्ट बाई आहे! पण या घरात मला ‘तू बघ’ म्हणणारी तीच पहिली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमना जे सांगायचं ते सांगून टाकलं.

२२ सप्टेंबर, रविवार

भिंत. पिक्चर. टक्कल. चहा. आज पहिल्यांदा पिक्चरऐवजी यांच्याकडे बघत बसले. एरवी मी बोलते तेव्हा फोनमध्ये बघतात, आरशात बघतात, ताटात बघतात. पण रविवारी दुपारी भिंतीवर कुणी काही बोललं की मान ताठ, डोळे लावून ऐकतात. कुणी मधे बोललं तर ‘‘शूऽऽ’’ करतात. भिंतीवरून आलेलं सगळं यांना खरं वाटतं.

नंतर कपबशा विसळताना सासूबाईंना हळूच विचारलं, थेटरात तो पिक्चर काढणारा कोण असतो, ठाऊक आहे?

‘‘टोपीवाला. मधल्या रांगेत, बरोब्बर मधे. वर पंखा गरगरतोय आणि हा टोपी घालून! टोपीतच फोन बांधलेला असतो मेल्याचा. बुधवारी दुपारी गर्दी नसते ना. म्हणून तोही बुधवारीच येतो, आम्हीही बुधवारीच.’’ मग माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘काय करणार आहेस?’’

मी म्हटलं, माझं मी बघतेय.

२५ सप्टेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून गेले. एकटी. तिकिटाच्या खिडकीशी दोनदा मागे वळून बघितलं, जणू चोरी करायलाच आलेय! चोर तर आत बसला होता.

आत जेमतेम वीसएक माणसं. पुढे दोन ओळखीची डोकी, एकावर क्लिप. वळून बघितलं नाही त्यांनी. मधल्या रांगेत बरोब्बर मधे टोपी. मी तिच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मग दिवे गेले.

काय लिहू! मी ठरवून गेले होते की मला काम आहे, पिक्चरमध्ये गुंतायचं नाही. आणि पहिल्या पाचच मिनिटांत गुंतले. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाईची गोष्ट. तिचा चेहरा केवढा मोठा! गालावर डाग नाही. ती रडली तेव्हा ती रडणं संपेपर्यंत रडली, कुणी पळवलं नाही. मी पण रडले, नळ न सोडता. गाणं अख्खं ऐकलं. मध्यंतरात उठलेच नाही, कुणी उठवेल की काय अशी भीती वाटत होती. मोडक्या खुर्चीची स्प्रिंग टोचत होती, ती टोचू दिली. हे मला नको होतं म्हणे? हे? मला?

जवळजवळ विसरलेच होते. मध्यंतरानंतर ती बाई रात्री दुकानात एकटी बसते, समोर सगळी घड्याळं बंद. संगीतही थांबतं. तेवढ्यात आठवलं. पुढे वाकले आणि टोपीच्या अगदी जवळ जाऊन बोलले. ओरडले नाही. बूथमधल्या आवाजात, एकेक शब्द सुटा सुटा, पेशंटला सूचना देते तशी. बिचाऱ्या टोपीवाल्याचा खांदा दचकला, पण त्याला वळता येईना! वळला तर पडदा वळतो! तसाच ताठ बसून राहिला, मी माझं संपेपर्यंत.

मग मागे टेकले आणि पुढचा पिक्चर बघितला. शेवटच्या पाटीपर्यंत.

संध्याकाळी कणीक मळताना सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘‘आज मागे कुणीतरी बाई बोलत होती. मला काही ऐकू आलं नाही हं.’’

२६ सप्टेंबर, गुरुवार

पेनड्राइव्हचा यांना फोन. माल आलाय म्हणे, घड्याळवाल्या बाईचा. ताजा. मेहुण्याला काही कापायला वेळ नव्हता, जसाच्या तसा दिला. रविवारी दोन वाजता!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

यांना सांगितलं, उद्या मॅडमबरोबर शिबिराला जायचंय, कान तपासणीच्या, सोमवारी येईन. फोनमधून मान वर न काढता म्हणाले, ‘‘प्रवास झेपेल का तुला?’’ आणि उत्तर न ऐकताच, ‘‘रविवारी चहाचं काय मग?’’

मोठी बॅग काढली. दोन दिवसांना एवढी मोठी बॅग कशाला, हेही विचारलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

शाखेच्या वरची खोली. एक कॉट, एक टेबल, खिडकी. उद्या सकाळी पहिला पेशंट आहे.

साडेतीन झाले. तिकडे मध्यंतर उलटलं असेल. हे आज झोपायचे नाहीत, मारामारी आहे पुढे. आता ती बाई बंद घड्याळांसमोर बसेल, संगीत थांबेल, हे सगळ्यांना ‘‘शूऽऽ’’ करतील. आणि भिंतीवरून मी बोलेन :

‘‘अहो, मी आहे. पिक्चर थांबवू नका. मला थेटर आवडतं. माझं डोकं दुखत नाही, कधीच दुखलं नव्हतं. शिबिर नाहीये, नव्या शाखेची नोकरी मी घेतलीय. परत येणार की नाही, ते कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा.’’

पेनड्राइव्हना ऐकू येईल. बाकीच्या दोघांना येईल. यांनाही येईल, मागे घेऊन पुन्हा ऐकतील. सासूबाईंना तेवढं काही कळणार नाही — त्या बहिऱ्या आहेत.